रेसमधला पेस आणि जॉकीचं डोकं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्याचा पावसाळी सीझन सुरू झाला की मित्र, भाचे, ऑफिसातली मंडळी पहिल्यांदा रेस बघायला माझ्यासोबत येतात आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. घोड्यांबद्दल कमी, जॉकीबद्दल जास्त. आणि जॉकीबद्दल लोक फार पटकन वाईट बोलतात, ते मला खरंच लागतं, कारण माझे मामा वानवडीच्या बाजूला तबेल्यात सईस होते आणि ही मंडळी पहाटे अंधारात उठून काय काय करतात ते मी लहानपणापासून बघितलंय. म्हणून सगळी उत्तरं एकदाची एका जागी लिहून ठेवतोय.

पेस पेस म्हणतात ते नेमकं काय?

रेसचा वेग, पण नुसता शेवटचा टाइम नाही, तो वेग कुठे किती खर्च झाला हा हिशोब म्हणजे पेस. समजा १६०० मीटरच्या दोन रेस झाल्या, दोन्हीचा टाइम अगदी सारखा, १ मिनिट ३८.५ सेकंद. पहिल्या रेसमध्ये पुढच्या घोड्याच्या टाइमचे चार तुकडे, म्हणजे ४००-४०० मीटरचे, असे पडले: २३.५, २४, २५, २६. दुसरीत पडले २६, २५.५, २४, २३. बोर्डवर दोन्ही रेस सारख्याच दिसतील पण या दोन रेसचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. आता एक घोडा धरा जो शेवटचे ४०० मीटर राहिले असताना सहा लेंथ, म्हणजे सहा घोड्यांच्या लांबीइतका, मागे आहे. सहा लेंथ म्हणजे ढोबळमानाने एक सेकंद. पहिल्या रेसमध्ये त्याला पुढच्याला गाठायला शेवटचे ४०० मीटर २५ सेकंदात पळायचेत, चांगल्या घोड्याला ते जमतं. दुसऱ्या रेसमध्ये २२ सेकंदात पळायचेत, आणि ते आधीच १२०० मीटर पळून आल्यावर, म्हणजे विसरूनच जा. घोडा तोच, जॉकी तोच, एका रेसमध्ये हिरो आणि दुसऱ्या रेसमध्ये लोक म्हणणार 'यानं घोडा पळवलाच नाही'.

हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं सोपं जातं.

पण घोड्यात दम आहे तर पहिल्यापासून फुल सोडायचा ना, धरून कशाला ठेवतात?

कारण दम मोजका असतो. पूर्ण वेगात घोडा ताशी ६० किलोमीटरच्या आसपास पळतो, म्हणजे २०० मीटर १२ सेकंदात, आणि त्या वेगात स्नायूंना लागणारा सगळा ऑक्सिजन फुफ्फुसातून मिळू शकत नाही. मग शरीर उसनवारीवर चालतं, आणि ही उसनवारी थोडा वेळच चालते, नंतर पाय जड होतात आणि टाप आखूड पडायला लागते. वेग थोडा वाढवला की खर्च थोडा वाढत नाही, फार जास्त वाढतो, त्यामुळे सुरुवातीचा एक सेकंद वाचवायला जो दम जातो त्याचे शेवटी दोन-तीन सेकंद मोजावे लागू शकतात. पगाराच्या पहिल्या आठवड्यात खिसा रिकामा केला की २५ तारखेला काय होतं ते आपल्याला माहितीच आहे. मामांचा शब्द होता 'हातचं राखून'. जॉकीचं निम्मं काम हेच, अर्धा टन वजनाचं जनावर पळायला आसुसलेलं असताना त्याला हातचं राखायला लावायचं, आणि तेही भांडण न करता, कारण भांडलं तर त्या भांडणातच दम जातो. घोडा तोंड वर करून लगाम ओढत पळतोय असं पहिल्या ४०० मीटरमध्ये दिसलं की समजा याचं पेट्रोल गळतंय.

आपल्याकडे जुन्नर-खेडच्या घाटात बैलगाडा पळतो तिथे हा प्रश्नच येत नाही, भिर्रर्र म्हटलं की काही सेकंदांत बारी संपते, राखायचं कशासाठी? रेसकोर्सवर १००० मीटरची स्प्रिंट त्याच्या जवळ जाते. २४०० मीटरची डर्बी हा पूर्ण वेगळा खेळ आहे.

जॉकीच्या हातात घड्याळ नसतं, मग त्याला कळतं कसं की पेस जास्त आहे की कमी?

सवयीनं. पहाटेच्या ट्रॅकवर्कला ट्रेनर सांगतो ६०० मीटर ४० सेकंदात काढ, म्हणजे २०० ला सव्वातेरा-साडेतेरा. जॉकी घोडा काढतो, ट्रेनर बाहेर स्टॉपवॉच घेऊन उभा असतो आणि परत आल्यावर सांगतो ३८ लागले, जोरात गेलास. हे रोज, वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या घोड्यांवर. हळूहळू अंगातच घड्याळ बसतं, कानावरून जाणारा वारा, टापांचा ताल, हातातल्या लगामाचा ताण, घोड्याचा श्वास. भरधाव पळताना घोडा एका टापेला एकच श्वास घेतो, दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे वर बसलेल्याला श्वास फक्त ऐकू येत नाही तर मांड्यांमध्ये जाणवतो. पेपरात रेसच्या आधी ते येतं ना, '१०००/१.०६, ६००/३९, मूव्ह्ड फ्रीली' नाहीतर 'प्रेस्ड', म्हणजे १००० मीटर १ मिनिट ६ सेकंदात, ६०० मीटर ३९ सेकंदात, सहज नाहीतर रेटून, ते याच ट्रॅकवर्कचं रेकॉर्ड. आकड्यापेक्षा पुढचे शब्द जास्त वाचा. ३९ सहज काढले की रेटून काढले यात फार फरक आहे.

मामा मला रेलजवळ, म्हणजे ट्रॅकच्या कठड्याजवळ, उभं करून डोळे मिटायला सांगायचे, नुसत्या टापांच्या आवाजावरून सांग हा कॅंटर आहे, हाफ स्पीड आहे की पूर्ण. सात-आठ वर्षांचा होतो, पण महिनाभरात मला जमायला लागलं होतं. मग जो माणूस रोज चार-पाच घोड्यांवर बसतो त्याला जमणारच.

लीडवर असलेला जॉकी काय करतो? तो तर नुसता पुढे पळतोय.

सगळ्यात जास्त डोकं तोच वापरतोय! कारण पेस ठरवायचा हक्क त्याच्याकडे आहे. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण १९७८ च्या बेलमाँट स्टेक्सचं. न्यूयॉर्क, दीड मैल, अफर्म्ड या घोड्यावर जॉकी स्टीव्ह कॉथन, वय फक्त १८, आणि समोर अॅलिडार हा घोडा, जो आधीच्या दोन्ही मोठ्या रेसमध्ये दुसरा आलेला आणि लांब पल्ल्यावर जास्त दमदार मानला जाणारा. कॉथननं लीड घेतली आणि पहिला अर्धा मैल ५० सेकंदात नेला. त्या दर्जाच्या घोड्यांसाठी ५० म्हणजे जवळजवळ फिरायला निघाल्यासारखं. अॅलिडारचा जॉकी व्हेलास्केझ अनुभवी, त्याला कळलं की असंच चाललं तर पुढचा शेवटी सापडणार नाही, म्हणून त्यानं जवळपास एक मैल बाकी असतानाच अॅलिडारला आणून अफर्म्डच्या बाजूला लावलं. मग दोघं खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत, अॅलिडारनं स्ट्रेटमध्ये, म्हणजे शेवटच्या सरळ पट्ट्यात, क्षणभर डोकं पुढे काढलंही, कॉथननं चाबूक डाव्या हातात घेतला आणि अफर्म्ड एका डोक्याच्या अंतरानं जिंकला. लोक शेवटच्या २०० मीटरचा व्हिडिओ बघतात, पण ते एक डोकं आलं कुठून? माझं म्हणणं, पहिल्या अर्ध्या मैलात वाचवलेल्या सेकंदांतून.

याच्या उलट २०२० ची एप्सम डर्बी. सर्पेंटाइन नावाचा २५-१ चा, म्हणजे एकाला पंचवीस भाव असलेला, कुणी फारसा न धरलेला घोडा, जॉकी एमेट मॅकनमारा त्याच्यावर, तो पुढे गेला आणि मागच्या सगळ्या नामांकित जॉकींनी धरलं की हा येईल परत. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत बसला. तो आलाच नाही, साडेपाच लेंथनी जिंकला. इथे चूक कुणा एकाची नाही, पण हिशोब सगळ्यांचाच चुकला.

म्हणजे पुढे राहणं नेहमी फायद्याचं?

अजिबात नाही. लीडसाठी दोन-तीन जण भांडले की तिघंही जातात. २०२२ ची केंटकी डर्बी बघा, पहिला पाव मैल २१.७८ सेकंदात गेला, त्या रेसच्या इतिहासातला सगळ्यात वेगवान, अर्धा मैल ४५.३६. ज्यानं तो पेस काढला तो समर इज टुमॉरो नावाचा घोडा शेवटचा आला. आणि जिंकला कोण, ८०-१ चा रिच स्ट्राइक, जो वीस घोड्यांत पार मागे होता आणि जॉकी सनी लेऑननं त्याला आतल्या रेलनं दमलेल्या घोड्यांमधून वाट काढत आणलं. सगळे म्हणाले चमत्कार झाला. घोडा चांगला पळालाच, पण पुढच्यांनी त्याच्यासाठी टेबल लावून ठेवलं होतं.

एक अपवाद सांगायलाच पाहिजे नाहीतर कुणीतरी विचारणारच. १९७३ ची बेलमाँट, सेक्रेटेरियट नावाचा घोडा. तो आणि शॅम हा दुसरा घोडा पहिले सहा फर्लांग (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) १ मिनिट ९.८ सेकंदात पळाले, दीड मैलाच्या रेसमध्ये हे वेडेपणाचं. शॅम पाच घोड्यांत शेवटचा आला, आणि सेक्रेटेरियट ३१ लेंथनी जिंकला, २ मिनिटं २४ सेकंद, आजपर्यंत ते कुणाला मोडता आलेलं नाही. पेसचा नियम शॅमला लागू झाला, दुसऱ्याला नाही. असे घोडे शतकात एखाददुसरे, त्यांच्यावरून बाकीच्यांचा हिशोब करू नका.

शेवटी मागचा घोडा एकदम स्पीड वाढवतो ते कसं काय?

बऱ्याचदा वाढवतच नाही. हे मला स्वतःला खूप उशिरा कळलं, मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन व्हिडिओवर पोल टू पोल, म्हणजे किती मीटर उरले ते दाखवणाऱ्या खांबांमधला, टाइम काढायला लागलो तेव्हा. जोरात गेलेल्या रेसमध्ये शेवटच्या २०० मध्ये सगळेच मंदावत असतात, पुढचा १३.५ वर आलेला असतो आणि मागचा १२.५ वर टिकून असतो. आपल्याला दिसतं मागचा उडत येतोय. तो फक्त कमी दमलाय. खराखुरा वेग वाढवणं दिसतं ते हळू गेलेल्या रेसमध्ये, आणि तिथे पुढचाही वाढवत असतो म्हणून मागच्याला पोहोचता येत नाही. विचित्र वाटतं पण तसंच आहे.

बेंडवर, म्हणजे वळणावर, बाहेरून जाणं इतकं वाईट का मानतात?

शाळेतलं गणित. अर्धवर्तुळाकार बेंडवर रेलपासून एक मीटर बाहेर गेलात की ३.१४ मीटर जास्त पळावं लागतं. एक लेंथ साधारण अडीच मीटरची. म्हणजे दोन-तीन घोडे सोडून बाहेरून बेंड घेतला तर तीन-चार लेंथ गेल्या आणि बोर्डवर ते कुठेच दिसत नाही. महालक्ष्मीला घोडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पळतात, रेल उजव्या हाताला, तेव्हा ड्रॉ, म्हणजे घोड्याला गेटमध्ये मिळालेली जागा, बघताना हे लक्षात ठेवा, आणि फॉल्स रेल, म्हणजे आत तात्पुरता लावलेला कठडा, आहे का तेही बघा कारण तेव्हा आतली जागा बदलते.

पण आत राहिलं की कोंडला जातो ना?

हो, आणि हाच तर रोजचा पेच. आत रेलजवळ, पुढच्या घोड्याच्या मागे राहिलं तर अंतर वाचतं आणि वारा पुढचा खातो, याला आपल्याकडे कव्हर मिळालं म्हणतात, कव्हरमध्ये बरेच तापट घोडे शांतही होतात. पण स्ट्रेट लागला आणि पुढचा दमून मागे आला की तुम्ही भिंतीमागे. बाहेर निघायचं तर बाजूला दुसरा. जॉकीला हा निर्णय बेंडच्या आधीच घ्यावा लागतो, पुढचा घोडा कोणता, तो टिकणारा आहे का, त्याचा जॉकी सरळ पळवतो की बेंडवर बाहेर तरंगतो, म्हणजे आपल्या घोड्याइतकाच दुसऱ्यांचा अभ्यास पाहिजे. फट दिसते अर्धा-एक सेकंद. तेवढ्यात ६० च्या स्पीडनं त्यात घुसायचं. हे धाडस किती महाग पडू शकतं हे मुंबईकरांना सांगायला नको, १९७९ साली महालक्ष्मीवर पडून गेलेला कार्ल उमरीगर अगदी कोवळा पोरगा होता, जुने लोक अजून त्याचं नाव निघालं की गप्प होतात. म्हणून आडवं येणाऱ्याला स्टुअर्ड्स, म्हणजे रेसवर लक्ष ठेवणारे अधिकारी, सस्पेंड करतात तेव्हा मला ते कधीच जास्त वाटत नाही.

'घोडा ओढला' असं लोक ओरडतात, ते खरं असतं का?

नियम स्पष्ट आहे, प्रत्येक घोडा त्याच्या कुवतीप्रमाणे पळवलाच पाहिजे, कॅमेरे सगळीकडून असतात, स्टुअर्ड्स चौकशी लावतात आणि दोषी ठरला तर शिक्षा होते. गैरप्रकार जगात कुठेच झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. पण रेलजवळ उभं राहून जे शंभर वेळा ओरडलं जातं त्यातलं बहुतेक पेस न कळल्यामुळे असतं. वर दिलेली दुसरी रेस आठवा. मीसुद्धा एकदा पुण्याला एका तरुण जॉकीवर असाच ओरडलो होतो, घोडा आठवरून पाचवा आला, काय करत होतास म्हणून. घरी येऊन व्हिडिओवर टाइम काढला तर शेवटचे ४०० त्याचाच घोडा सगळ्यात जोरात पळालेला, पुढच्यानं सुरुवातीला पेसच काढला नव्हता. त्या पोराच्या हातात काय होतं? फार तर त्यानं आधीच पुढे सरकायला हवं होतं, ही चूक म्हणता येईल, बेईमानी नाही. त्यानंतर मी ओरडणं सोडलं.

मोठे जॉकीही चुकतात का?

सगळेच. १९८६ ची एप्सम डर्बी, डान्सिंग ब्रेव्ह त्या वर्षीचा सगळ्यात चांगला घोडा, जॉकी ग्रेव्हिल स्टार्कीनं त्याला इतका मागे ठेवला की शेवटी तुफान येऊनही शाहरास्तानी या घोड्याच्या मागे अर्धी लेंथ राहिला. त्याच वर्षी पॅरिसच्या आर्क या मोठ्या रेसमध्ये पॅट एडरी वर होता, त्यानंही उशीरच केला, पार बाहेरून शेवटी काढला, पण तिथे पेस खरा होता आणि घोडा जिंकला. एकच डावपेच, एकदा टीका एकदा कौतुक. २०११ ला टॉम क्वीलीनं न्यूमार्केटला फ्रँकेल या घोड्याला मोकळा सोडला, तो अर्ध्या रेसमध्येच दहा-पंधरा लेंथ पुढे आणि सहा लेंथनी जिंकला. मग अॅस्कॉटला तोच जॉकी पेसमेकरच्या, म्हणजे दुसऱ्यासाठी पेस काढून देणाऱ्या घोड्याच्या, मागे लवकरच निघाला आणि फ्रँकेलसारखा घोडा शेवटी जेमतेम पाऊण लेंथनी वाचला. पुढे त्याच्यासाठी बुलेट ट्रेन, म्हणजे त्याच्याच आईचा आधीचा मुलगा, पेसमेकर म्हणून पळायचा.

आपल्याकडे कुणाचं बघून शिकायचं, तर पेसी श्रॉफ. आठ इंडियन डर्बी जॉकी म्हणून जिंकल्यात त्यांनी, नंतर ट्रेनर म्हणून वेगळ्या. त्याआधीच्या पिढीत पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही आपली मराठी नावं, मामा ही नावं घेताना आवाज खाली आणायचे. या लोकांना कुणी लॅपटॉपवर सेक्शनल, म्हणजे तुकड्यातुकड्याचे, टाइम दाखवले नव्हते.

ट्रेनर ऑर्डर देतोच ना, मग जॉकीनं काय ठरवायचं?

पॅडकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, ऑर्डर मिळते, 'चौथा-पाचवा ठेव, ६०० नंतर काढ'. पण गेट उघडल्यावर ज्यानं लीड घ्यायची तोच अडखळून निघाला तर? कुणालाच लीड नको असेल तर? मग पहिल्या १०० मीटरमध्ये ऑर्डर फाडून नवीन प्लॅन करणारा जॉकीच पाहिजे. ऑर्डर पाळून हरणारे पुष्कळ असतात, ते सुरक्षितही असतं, ट्रेनर रागावत नाही.

पावसात काय बदलतं?

पुण्यात खूप. ट्रॅक मऊ झाला की प्रत्येक टाप खोल जाते, तोच वेग जास्त दम खातो, त्यामुळे सुरुवातीला घाई केलेली आणखी महागात पडते. पेनेट्रोमीटर म्हणजे जमीन किती मऊ आहे ते मोजणारं यंत्र, त्याचं रीडिंग जाहीर होतं ते बघत जा. पहिल्या दोन रेसमध्ये जॉकी कुठून पळवतायत तेही बघा, रेल सोडून सगळे मधोमध यायला लागले तर आतली जमीन तुडवली गेलीय असं समजा.

चाबूक मारल्यानं खरंच जोर येतो?

नसलेला दम चाबकानं येत नाही. आता सगळीकडे मर्यादा आहेत, ब्रिटनमध्ये २०२३ पासून फ्लॅट, म्हणजे अडथळे नसलेल्या, रेसला सहाच वेळा. चांगला जॉकी हातांनी आणि अंगाच्या लयीनं घोडा रेटतो, चाबूक बऱ्याचदा दाखवायला.

हे सगळं शिकून बेटिंगमध्ये जिंकता येईल?

मी टिप देत नाही आणि मागूही नका. १९९६ ला सुप्रीम कोर्टानं घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं ते खरं, पण ते कौशल्य घोड्याचं, ट्रेनरचं, जॉकीचं, आपण तिकीट काढून लगेच त्यात सामील होत नाही. पेस समजला तर कोणती रेस समजत नाही हे समजतं, तेवढं पुरे. घरखर्चाचे पैसे घेऊन कुणी रेसकोर्सवर जाऊ नका, मी तबेल्याच्या आसपास राहिलोय, त्यातून उद्ध्वस्त झालेली घरं बघितलीत.

पहिल्यांदा जातोय, रेसमध्ये नेमकं काय बघू?

फक्त एका जॉकीचे हात बघा. बाकी काही नाही. गेट उघडल्यापासून हात शांत आहेत की खेचतायत. घोड्याचे कान बघा, पुढे उभे असतील किंवा सैल हलत असतील तर तो आरामात आहे, सपाट मागे गेले की तो झगडतोय. मग ८०० च्या पोलपासून ६०० च्या पोलपर्यंत सेकंद मोजा, मोबाइलवर किंवा मनात, १२ च्या आसपास आले तर पुढच्यांसाठी अवघड आहे, १३ च्या वर आले तर मागच्यांसाठी. स्ट्रेट लागला की कुणाचे हात अजून हलले नाहीत ते शोधा. बाजूचे सगळे जॉकी रेटतायत, खांदे हलतायत, आणि मधोमध एक जण अजून तसाच बसलाय, बोटांवर लगाम धरून, त्याच्याकडे बघत राहा.